जुनी थ्री-नॉट-थ्री: ओळखताना आणि साफ करताना या चुका टाळा

पुण्यात थ्री-नॉट-थ्री, म्हणजे .३०३ बोअरची जुनी लष्करी ली-एनफिल्ड बोल्ट-ॲक्शन रायफल (दर गोळीला नळीमागचा बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागणारी) दिसते ती बहुधा एनसीसीच्या कोतमध्ये (शस्त्रकोठीत), पोलिसांच्या शस्त्रागारात किंवा संग्रहालयाच्या काचेमागे, कारण .३०३ आणि ७.६२ ही दोन्ही बोअर (नळीच्या आतल्या व्यासाची मापे) निषिद्ध वर्गात मोडतात. वाड्याच्या माळ्यावर आजोबांच्या काळातली अशी रायफल सापडली, तर तिला हात लावण्याआधी पोलीस ठाण्यात कळवावे. ती पुसून परत गुंडाळून ठेवणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

ज्यांच्याकडे या रायफलींची जबाबदारी अधिकृतपणे आहे, त्यांनी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढून, बोल्ट मागे घेऊन, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासल्यानंतर सर्वप्रथम तिच्यावरील खुणा वाचाव्यात. दस्ता जिथे रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याला) मिळतो, तिथल्या लोखंडी भागाच्या उजव्या बाजूला मुकुट, ‘जीआरआय’ ही राजा जॉर्जची अक्षरे, बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्याचे नाव, साल आणि मार्क (नमुना क्रमांक) कोरलेले असतात; स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. मार्क ३ पुढे चांदणी (*) असेल, तर ती १९१६ च्या सुमारास महायुद्धाच्या घाईत सोपी केलेली रचना समजावी. तिथले साल पाहून संपूर्ण रायफल त्याच वर्षाची आहे असे नोंदवहीत लिहिणे मात्र चूक आहे, कारण नळी नंतर बदललेली असू शकते आणि ‘एफआर’ या अक्षरांपुढचे साल कारखान्यातील दुरुस्तीचे असते. ‘डीपी’ असा शिक्का असलेली रायफल केवळ कवायतीसाठी आहे, मग ती बाहेरून कितीही धडधाकट दिसो.

सरसकट सगळ्यांनाच ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणण्याची सवयही घातक आहे. इशापूरने १९६० च्या दशकात याच रूपाची ७.६२ मिलिमीटरची २ए आणि २ए१ ही रायफल बनवली. तिचे मॅगझिन अधिक चौकोनी असते आणि काडतुसाच्या बुडाला .३०३ सारखी बाहेर आलेली कड नसते. जुन्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे दिसली, तर ती आपल्या खडकीच्या कारखान्यातली, हे पुणेकराला सांगताना मला दर वेळी बरे वाटते.

सफाईच्या दिवशी सतरंजीवर दहा रायफली उघडून सगळे बोल्ट एकाच घमेल्यात टाकलेले मी अनेकदा पाहिले आहेत. प्रत्येक बोल्ट आपल्या रायफलीशी जुळवून बसवलेला असतो. तो बदलला की बोल्टचा माथा आणि काडतुसाचे बूड यांमधील अंतर बिघडते आणि गोळी झाडताना काडतूस फाटू शकते. म्हणून बोल्टच्या दांड्यामागील क्रमांक रिसीव्हरवरील क्रमांकाशी पडताळल्याशिवाय बोल्ट परत बसवू नये.

सर्वांत हळहळ वाटते ती लाकूड उकलल्याची. एका संस्थेत उत्साही सुताराने दस्ता काढण्यासाठी त्याच्या आतला, दस्ता रायफलीला आवळणारा लांब बोल्ट (रायफलीचा सरकता बोल्ट नव्हे) आधी फिरवला आणि पुढच्या लाकडाचे मागचे टोक काडकन फुटले. मार्क ३ मध्ये त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पत्रीत अडकलेले असते. त्यामुळे पुढचे लाकूड आधी उतरवावे आणि मगच दस्त्याला हात घालावा. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा गेलेला स्क्रू कुणा गावठी कारागिराची ठिगळदुरुस्ती समजून काढून टाकतात, पण तो लाकूड फाटू नये म्हणून इशापूरनेच घातलेला आहे. लाकडाला पॉलिशपेपर आणि व्हार्निश लावल्याने जुने शिक्के कायमचे जातात; जवसाचे तेल तळहाताने थोडे थोडे चोळणे पुरेसे असते. धातूवरील क्रमांक घासून पुसट करणे तर गुन्हाच आहे, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ८ त्यास मनाई करते.

पुल-थ्रू, म्हणजे नळी साफ करायची वजन बांधलेली दोरी, तिरका ओढला की दोरी नळीच्या तोंडाची कड एकाच बाजूने खाते आणि नेम कायमचा बिघडतो, म्हणून वजन चेंबरकडून सोडून दोरी नळीच्या सरळ रेषेतच ओढावी. सफाईसाठी चार इंच बाय दोन इंचांची चिंधी आणि तेलासाठी चार बाय दीड इंचांची, हे जुने माप अजूनही योग्य आहे.

साफ करूनही नळी गंजते, ही तक्रार बहुधा जुन्या काडतुसांमुळे असते. त्यांच्या बुडातील टोपीतले (ठिणगी पाडणाऱ्या प्रायमरमधले) पोटॅशियम क्लोरेट जळून क्षार उरतो, तो हवेतील ओल खेचतो आणि तेलात विरघळत नाही. म्हणून आधी नळीतून उकळते पाणी ओतावे, नळी कोरडी करावी आणि मगच तेल द्यावे. पावसाळ्यात रायफल कातडी किंवा कॅनव्हासच्या गवसणीत ठेवू नये आणि तिच्या तोंडात चिंधीचा बोळाही कोंबू नये, कारण दोन्ही ओल धरून ठेवतात आणि विसरलेला बोळा झाडणाऱ्याच्या जिवावर बेततो. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला बोल्ट काढून, नळी उजेडाकडे धरून आतून पाहावी. गंजाची पहिली तांबूस छटा चेंबरच्या तोंडाशी आणि वरच्या लाकडाखाली दिसते.