ऑफिसात इंटरनेटवरचा फोन लावताय? आधी राऊटरकडे बघा

सर्व्हिस घेतलीये, एक्स्टेंशन कोणाला कुठलं ते ठरलंय, असं धरून चालतो.

फोन वायरनेच जोडा. वायफायवर टेबलावरचा फोन चालवू नका, विषय संपला.

स्पीडचं म्हणाल तर जी.७११ कोडेकवर (आवाजाचा डेटा बनवायची एक पद्धत) एका कॉलला जाताना साधारण ९० केबीपीएस आणि येतानाही तेवढेच लागतात, म्हणजे एकावेळी दहा कॉल चालले तरी एक एमबीपीएस होत नाही. तरीही आवाज तुटला की लोक "मोठा प्लॅन घ्या" सांगतात, याचा मला खरंच वैताग येतो. बहुतेक वेळा कोणीतरी बॅकअप लावलेला असतो, अपलोड तुंबतं आणि आवाजाची पॅकेट्स रांगेत अडकतात. राऊटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कुठला डेटा आधी सोडायचा ते ठरवणारं सेटिंग, चालू करा, अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या थोडी खाली ठेवा, आवाजाला पहिला नंबर द्या.

आता खरी डोकेदुखी. एका ऑफिसात मी सगळं लावलं, रिंग वाजायची, फोन उचलला की आपला आवाज पलीकडे जायचा पण त्यांचा इकडे यायचा नाही, आणि काही कॉल तर अर्ध्या मिनिटात कट. तीन दिवस मी केबल बदलत बसलो. दोष राऊटरमधल्या एसआयपी एएलजी नावाच्या सेटिंगचा होता.

होतं असं की एसआयपी ही फोनची निरोपांची भाषा फक्त कॉल जोडते, आवाज आरटीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीने, वेगळ्या पोर्टने (डेटाच्या दाराने) जातो. आवाज कुठल्या पत्त्यावर पाठवायचा ते एसआयपीच्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं, आणि हे एएलजी मदत करायची म्हणून तो पत्ता मध्येच बदलतं, बऱ्याचदा चुकीचा. मग आवाज भलतीकडे जातो. त्याच घोळात कॉल उचलल्याची पोच पलीकडे पोचली नाही तर ३२ सेकंदांनी कॉल सोडून दिला जातो. म्हणून घड्याळ लावून बघा, दरवेळी साधारण ३२ सेकंदांनीच कट होत असेल तर लाइनला दोष देऊ नका.

एएलजी बंद करा. काही राऊटरमध्ये ते एसआयपी हेल्पर किंवा पासथ्रू नावाने लपलेलं असतं. बंद केल्यावर राऊटर आणि फोन दोन्ही रीस्टार्ट करा, नाहीतर जुनंच चालू राहतं आणि तुम्हाला वाटतं उपयोग झाला नाही. बंदच होत नसेल तर राऊटर बदला, किंवा फोन टीएलएसवर (मेसेज एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून पाठवायची पद्धत) टाका, एन्क्रिप्ट केलेला मेसेज एएलजीला वाचताच येत नाही.

आणि कृपा करून, कोणी "५०६० पोर्ट फॉरवर्ड करा", म्हणजे एसआयपीचं दार बाहेरच्यांसाठी उघडं ठेवा, म्हणालं तर ऐकू नका. क्लाउड सर्व्हिसला, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या फोन सर्व्हिसला, त्याची गरज नसते, उलट बाहेरचे स्कॅनर पासवर्ड शोधत येतात आणि इंटरनॅशनल कॉलचं बिल तुमच्या नावावर पडतं.

बाहेर जाणारे कॉल नीट पण येणारे कधीकधी वाजतच नाहीत? फोन शांत असला की राऊटर त्याची वाट विसरतो. फोनमधलं कीपअलाइव्ह, म्हणजे मधूनमधून "मी आहे" सांगणारा छोटा मेसेज, २० सेकंदांवर ठेवा.

टेस्ट करताना "हॅलो, येतोय का आवाज" म्हणून ठेवून देऊ नका. दोन्ही बाजूंनी कॉल करा, दोन मिनिटं बोला, होल्ड आणि ट्रान्सफर करून बघा, मग फोन अर्धा तास तसाच ठेवून बाहेरून लावा.

राऊटर, स्विच यूपीएसवर. जुना नंबर पोर्ट करताय, म्हणजे नव्या सर्व्हिसवर नेताय, तर तो नव्या सिस्टिमवर वाजेपर्यंत जुनी लाइन बंद करायला सांगू नका, आधी बंद केली तर नंबर हातचा जाऊ शकतो.