भावी नगरसेवकाकडे तुमचा मेल आयडी कुठून येतो, आणि तो कसा अडवायचा

महापालिका निवडणूक जवळ आली की ज्याचं तोंडही कधी बघितलं नाही असा भावी नगरसेवक नावानिशी मेल टाकतो, व्हॉट्सअॅपचं तर विचारूच नका, आणि लोक लगेच म्हणतात मतदार यादीतून घेतला असणार. यादीतून नाही मिळत. यादीत नाव, वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव, घर नंबर, वय, लिंग आणि ईपिक (म्हणजे मतदार ओळखपत्राचा) नंबर असतो, बस. नवीन मतदार नोंदणीचा नमुना ६ भरताना मोबाईल आणि ईमेल विचारतात पण ते यादीत छापत नाहीत. म्हणजे उमेदवाराकडे नुसती नावं असतात, त्यांना नंबर आणि मेल चिकटवायचं काम आपल्याच ओळखीची माणसं करतात.

यात पहिला नंबर सोसायटीचा. सेक्रेटरी एजीएमची, म्हणजे वार्षिक सभेची, नोटीस पाठवतात आणि सगळ्या मेंबर्सचे आयडी सरळ टू मध्ये टाकतात, त्यात एखादा जरी कार्यकर्ता असला तरी कॉपी-पेस्ट करून मोकळा, आणि फ्लॅट नंबर हाताशी असेल तर घर नंबरावरून यादीशी जुळवणं एक्सेलमध्ये काही अवघड नाही. तेव्हा सेक्रेटरींना आजच सांगा, मेल बीसीसी करा, म्हणजे एकाचा आयडी दुसऱ्याला दिसत नाही. पार्किंगची नाहीतर मेंटेनन्सची शीट नंबरांसकट ग्रुपवर टाकली असेल तर काढायला लावा, थोडी कटकट होईल, होऊ दे.

मग येतात फॉर्म. मोफत आरोग्य शिबिर, हळदीकुंकवाच्या लकी ड्रॉचं कूपन, गुणवंतांचा सत्कार, किल्ले स्पर्धा, रोजगार मेळावा. पैठणीच्या नादात आपण जन्मतारखेसकट सगळं लिहून देतो. बॅनरवर कुणाचा फोटो आहे ते आधी बघा, आणि फॉर्ममध्ये प्रभाग किंवा ईपिक नंबर विचारला असेल तर ते शिबिर तुमच्या शुगरसाठी नाही एवढं समजा. जायचं तर जा, तपासणी करून घ्या, फक्त तो रकाना रिकामा ठेवा.

ऑनलाइन फॉर्मसाठी एक भारी ट्रिक आहे. जीमेलमध्ये आयडीच्या नावानंतर, अॅटच्या आधी, अधिक चिन्ह देऊन काहीही लिहा, उदा. +shibir, shibir च्या जागी तुमचा कुठलाही शब्द चालतो, मेल तुमच्याच इनबॉक्समध्ये येतो. उद्या त्या पत्त्यावर प्रचार आला की कुणी पुढे दिला ते कळतं. काही फॉर्म अधिक चिन्ह घेत नाहीत, आणि प्रचाराचं काम करणारी हुशार एजन्सी तो भाग उडवतेही.

एकदा यादी तयार झाली की ती फिरते. मुंबई सोडली तर बऱ्याच ठिकाणी एका प्रभागात चार जागा, पॅनेल एक, त्यामुळे एकाची शीट चौघांकडे जाते. आणि साहेबांनी पक्ष बदलला की शीट पण त्यांच्याबरोबर जाते, तुम्ही ज्याच्या विरोधात मत दिलं त्याच पक्षाकडे! म्हणून मेल आला की खाली अनसबस्क्राइब असेल तर दाबा, नसेल तर "माझा आयडी कुठून मिळाला, काढून टाका" असा एका ओळीचा रिप्लाय द्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती आणि डेटा खोडायला लावायचा हक्क आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी लागू होणार, तोवर तो रिप्लाय विनंतीच समजा.

एसएमएसची तक्रार १९०९ वर होते, व्हॉट्सअॅपची नाही. तिथे सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्समध्ये जाऊन "माय कॉन्टॅक्ट्स" करून ठेवा, म्हणजे अनोळखी माणूस "प्रभाग परिवार" मध्ये परस्पर ओढू शकणार नाही.