नाळेवर उचकटणाऱ्या पट्ट्या: माझा अनुभव

लाकडी जहाजाच्या मॉडेलमध्ये नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ, सांगाड्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांच्या कडा वर येतात, एकीवर एक चढतात. गोंद कमी पडला असं वाटतं, पण कारण वेगळं आहे. पट्टी जाडीच्या अंगाने सहज वाकते, रुंदीच्या अंगाने नाही. जबरदस्ती केली की कड उचलतेच.

आम्ही आधी मोजलं. मधल्या फासळीवर (सांगाड्याच्या आडव्या तुकड्यावर) पट्ट्यांनी झाकायची कड 60 मिमी, म्हणजे 5 मिमीच्या 12 पट्ट्या. नाळेजवळ त्याच 12 पट्ट्यांना जागा फक्त 36 मिमी. म्हणून प्रत्येक पट्टी पुढे 3 मिमीपर्यंत निमुळती केली. निम्म्या रुंदीच्या खाली जाऊ नये, टोक चिरतं.

पुढच्या फासळ्यांच्या कडा तिरक्या घासणं तर टाळूच नका. सुटी पट्टी टेकवून पाहा: ती फासळीच्या पूर्ण जाडीवर बसायला हवी, नुसत्या धारेवर नाही.

मग पट्ट्या अर्धा तास कोमट पाण्यात ठेवून, आकार देऊन रात्रभर वाळवल्या. ओलीच चिकटवली तर सुकताना आकसते, फटी पडतात. दोघांनी समोरासमोर बसून एक डावी, एक उजवी अशीच लावली. एकच बाजू पुढे गेली की कणा (सांगाड्याचा मधला लांब तुकडा) पिळतो.