आधी ब्रीदर, मग बाकीचं सगळं

मागच्या वेळी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेऊन ओढ्या-चिखलाच्या वाटेला गेलो तेव्हा माझ्याकडे गाडी ओढायचे दोन पट्टे, चार शॅकल (पट्टे अडकवायच्या कड्या), फावडं, हवेचा पंप, एवढंच काय, कपाळावर बांधायची बॅटरीसुद्धा होती. धड ब्रीदर तेवढा नव्हता. म्हणून यंदाची यादी तिथूनच सुरू.

ब्रीदर म्हणजे अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगवरची, म्हणजे बाहेरच्या लोखंडी खोळीवरची, बोटाच्या पेराएवढी टोपी. गाडी तासभर चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि जादाची हवा या टोपीतून बाहेर पडते. मग आपण तसेच ओढ्यात उतरतो. गार पाण्याने हाऊसिंग झटक्यात निवतं, आतली हवा आकसते आणि बाहेरून मिळेल ते आत ओढते. ब्रीदर बुजलेला असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी शिरतं. उघडा असून बुडलेला असेल तर सरळ त्याच्यातूनच. माझ्या गाडीचा ब्रीदर वर्षानुवर्षांच्या चिखल-तेलाच्या थराखाली गाडला गेला होता. तिथे असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. पाणी हाऊसिंग बुडेल एवढंच होतं, गाडी ऐटीत पार झाली, आम्ही फोटोही काढले. तीन आठवड्यांनी मागून रडका आवाज यायला लागला. प्लग खोलला तर आतून दुधाळ राड आली, आणि पिनियनच्या (आतल्या छोट्या गिअरच्या) बेअरिंगवर गंजाचे खड्डे.

तर निघण्याच्या आदल्या दिवशी, काठावर पोचल्यावर नव्हे, गाडीखाली शिरा आणि ब्रीदर मोजा. पुढचं डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगमधले गिअर), मागचं डिफरन्शियल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा). काही गाड्यांत शेवटच्या दोघांचा एकच असतो. सापडला नाही तर ‘नसेल’ म्हणून उठू नका, घाण खरवडा. आधी आजूबाजूला ब्रश मारा आणि मगच टोपी काढा, नाहीतर तो सगळा कचरा आत. टोपी डिझेलमध्ये धुवायची. सैल टोपीचा प्रकार असेल तर ती बोटाने फिरली पाहिजे, अडकली असेल तर नवीन लावा. त्याहून बरं म्हणजे टोपीच्या जागी निपल बसवून तेलाला टिकणारी रबरी नळी इंजिनच्या खणात उंचावर न्यायची आणि टोकाला छोटा फ्युएल फिल्टर लावायचा. नळीला झोल ठेवा. अ‍ॅक्सल खालीवर होतो, ताणून बांधलेली नळी पहिल्याच मोठ्या खड्ड्यात निसटते आणि तुम्ही निर्धास्त.

खाली शिरलाच आहात तर तेलंही बघून घ्या. एक नियम डोक्यात ठोकून ठेवा: आधी फिलर प्लग (तेल भरायचा) ढिला करा, मग ड्रेन प्लग (तेल सोडायचा). जुन्या गाडीचा फिलर गंजून बसलेला असतो. तेल सांडून बसलात आणि वरचा प्लग हलेना, तर गाडी तिथेच. डिफरन्शियलचं तेल गिअरबॉक्समध्ये आपल्या मनाने ओतू नका. जुन्या पितळी सिंक्रोंना (गिअर जुळवणाऱ्या कड्यांना) सगळीच तेलं मानवत नाहीत, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. शाफ्टच्या क्रॉसना (सांध्यांना) ग्रीस. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट आवळा. ब्रेक, कूलंट, बेल्ट, बॅटरीची पकड, हे सांगायला नको.

फ्युएल फिल्टर मात्र जास्तीचा घ्या. रस्त्यावर वर्षभर तळाशी निवांत पडलेला टाकीतला गाळ पहिल्या तासाभराच्या हिंदकळ्यात वर येतो, आणि गाडी ऐन चढावर गचके देते.

पुढच्या चाकांचे हब (चाक अ‍ॅक्सलला जोडणारी मधली कळ) हाताने लॉक करायचे असतील तर चिखलाच्या आधी करा, चिखलात बसून नव्हे. नुसता दांडा फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद, वेग कमी) टाकून पुढची चाकं फिरत नाहीत, हा शोधही मी लावून झालोय. कोरड्या डांबरावर आलात की परत टू-व्हील, नाहीतर ट्रान्सफर केस आवळून बसते आणि दांडा निघत नाही.

टायरची हवा रस्त्यावर ३० पीएसआयच्या आसपास असेल तर दगडमातीत १८–२०, वाळूत १५. त्याखाली टायर रिमवरून उतरायची भीती. हवा कमी असताना वेग कमी, आणि सोडलेली परत भरायला पंप हवाच.

पट्टा कधीही टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या बॉलला) अडकवू नका. बॉल तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, माणसं मेली आहेत. चॅसीला बोल्ट केलेला हुक नसेल तर जाऊच नका. यावर वाद नको.

स्टिअरिंगवर अंगठे आत गुंडाळू नका. चाक दगडावर आपटलं की जुनं स्टिअरिंग उलट फिरतं, अंगठा मोडतो.

पाणी आलं की आधी पायी उतरून तळ बघा, ओढ जास्त असेल तर परत फिरा. पंखा बेल्टवर फिरणारा असेल आणि पाणी त्याला लागणार असेल तर बेल्ट काढा, नाहीतर पाती वाकून रेडिएटरमध्ये घुसतात. उतरण्याआधी थांबा, अ‍ॅक्सल हाताला कोमट लागेपर्यंत. हो, ब्रीदर धुतलेला असला तरी थांबा. नळी वर नेलेली असली तरी थांबा. जुने सील आहेत. फोर-लो, एकच गिअर, मध्ये क्लच नाही. इंजिन पाणी पिऊन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका, कनेक्टिंग रॉड वाकतात.

बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत वाळवा. हबचं लॉक काढा. हवा भरा. घरी पोचल्यावर क्रॉसना पुन्हा ग्रीस.

गाडी रात्रभर सपाटीवर उभी ठेवा. पाणी तेलाहून जड, तळाशी बसतं. सकाळी दोन्ही डिफरन्शियलचे ड्रेन प्लग थोडेसेच ढिले करा. पहिला थेंब तेलाचा आणि स्वच्छ आला तर आवळा. पाण्याचा किंवा दुधाळ आला तर तेल त्याच दिवशी बदला, तीन आठवड्यांनी नाही.