कोअर मोकळे करण्याआधी: कर्नल थ्रेडचा जिटर कमी करण्याची तयारी

ही यादी लिनक्स सर्व्हरसाठी आहे. जिटर म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मध्येच कोअर वापरतो, त्यामुळे कामाच्या वेळेत होणारा चढउतार. उदाहरणाला आठ कोअरचा एक्स-८६ प्रोसेसर धरला आहे: ० आणि १ हे कोअर हाउसकीपिंगला (सिस्टिमच्या किरकोळ कामांना), २ ते ७ वेळेला काटेकोर असलेल्या कामाला. कोअरचे आकडे आपल्या मशीनप्रमाणे बदला, पण पायऱ्यांचा क्रम तसाच ठेवा. प्रत्येक कोअरला त्याचे स्वतःचे केसॉफ्टआयआरक्यूडी (इंटरप्टची, म्हणजे हातचे काम थांबवणाऱ्या इशाऱ्यांची, मागे उरलेली कामे करणारा), केवर्कर (कर्नलची पुढे ढकललेली कामे करणारा) आणि मायग्रेशन (थ्रेड दुसऱ्या कोअरवर हलवणारा) हे कर्नलचे थ्रेड बांधलेले असतात. ते बंद करता येत नाहीत आणि दुसरीकडे हलवताही येत नाहीत. करायचे असते ते इतकेच, की त्यांना जागे करणारे काम त्या कोअरवर पोहोचू द्यायचे नाही.

सुरुवात मोजणीपासून करा. कर्नल ५.१७ किंवा पुढचा असेल तर आरटीएलए हे मोजणीचे साधन मिळते. त्यातले ऑसनॉइज टॉप (कोअरवरचा व्यत्यय मोजणारी कमांड) कोअर २ ते ७ वर निदान दहा मिनिटे चालवा आणि निकाल फाइलमध्ये जपून ठेवा. एका मिनिटाची चाचणी पुरत नाही, कारण काही कामे फार अंतराने येतात. दुरुस्त झालेल्या मेमरी-प्रोसेसर चुका तपासणारा मशीन चेकचा टायमर मुळात दर ३०० सेकंदांनी वाजतो, तो छोट्या चाचणीत सापडतच नाही. निकालात हार्डवेअर, एनएमआय (रोखता न येणारे इंटरप्ट), आयआरक्यू (नेहमीचे इंटरप्ट), सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टनंतरचे उरलेले काम) आणि थ्रेड असे वेगळे रकाने येतात. आधी हार्डवेअरचा रकाना पाहा. तिथे आकडे वाढत असतील तर बहुधा फर्मवेअर एसएमआयने (कर्नलला न दिसणाऱ्या इंटरप्टने) प्रोसेसर ताब्यात घेत आहे, आणि त्यावर कर्नलची कोणतीही सेटिंग चालत नाही; बायोसमधली वीजबचत आणि देखरेखीची कलमे तपासावी लागतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये होस्टने काढून घेतलेला वेळही याच रकान्यात पडतो, म्हणून तिथे आधी होस्टची तयारी करा.

हायपरथ्रेडिंग (एका खऱ्या कोअरचे दोन कोअर दिसणे) चालू असेल तर प्रत्येक कोअरच्या थ्रेड सिब्लिंग्ज लिस्ट फाइलमध्ये त्याचा जोडीदार कोण ते पाहा. एक हाउसकीपिंगला आणि त्याचाच जोडीदार नाजूक कामाला अशी वाटणी करू नका. दोन कोअर बाजूला काढणे म्हणजे नासाडी वाटते, पण २००३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या एएससीआय क्यू महासंगणकावर मोठ्या आवाक्याच्या कामात नोडमधल्या चारपैकी तीनच प्रोसेसर वापरले तेव्हा काम जास्त वेगाने झाले. चौथा मोकळा राहिल्यामुळे सिस्टिमची बारीकसारीक कामे त्याच्यावर गेली.

आता बूट पॅरामीटर, म्हणजे सुरू होताना कर्नलला द्यायच्या सूचना. नोएचझेड-फुलला (टिक, म्हणजे कर्नलचा ठराविक अंतराने येणारा टायमर इंटरप्ट, थांबवणारा पॅरामीटर) २ ते ७ द्या. त्याबरोबर त्या कोअरचे आरसीयू कॉलबॅकही (कर्नलची जुना डेटा साफ करण्याची कामे) आपोआप बाहेरच्या थ्रेडकडे जातात. आयसोलसीपीयूजमध्ये (कोअर नेहमीच्या कामवाटपातून बाजूला काढणारा पॅरामीटर) डोमेन आणि मॅनेज्ड-आयआरक्यू हे दोन्ही शब्द लिहून तीच यादी द्या आणि आयआरक्यू-अफिनिटीला (इंटरप्ट कोणत्या कोअरवर जावेत ते सांगणारा) ० ते १. कर्नलच्या कॉन्फिग फाइलमध्ये नोएचझेड-फुल बांधलेले आहे ना, हे आधीच पाहून घ्या. नसेल तर पॅरामीटर देऊनही टिक थांबत नाही. रीबूट झाल्यावर प्रॉकमधली (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलींच्या फोल्डरमधली) सीएमडीलाइन वाचून खात्री करा. या सगळ्याची किंमतही लक्षात ठेवा: नोएचझेड-फुल कोअरवर प्रत्येक सिस्टिम कॉल थोडा महाग होतो. ज्या प्रोग्रॅमचा बहुतेक वेळ कर्नलमध्ये ये-जा करण्यातच जातो, त्याला हे लावून फायदा होईलच असे नाही.

इंटरप्ट हलवण्याआधी आयआरक्यू-बॅलन्स सेवा बंद करा किंवा तिला २ ते ७ वर्ज्य करा, नाहीतर तुम्ही हाताने केलेली वाटणी ती परत फिरवील. मग प्रॉकमधल्या प्रत्येक आयआरक्यूच्या एसएमपी-अफिनिटी-लिस्टमध्ये ०-१ लिहा. शेजारच्या एसएमपी-अफिनिटी फाइलला मात्र हेक्स मास्क लागतो, तिथे ३ (कोअर ० आणि १ चे बिट) लिहायचे. या दोघींची गल्लत फार होते. एनव्हीएमई डिस्कच्या काही इंटरप्टना लिहू गेल्यास आय-ओ एरर येते. ते कर्नलने स्वतःकडे ठेवलेले इंटरप्ट असतात. मॅनेज्ड-आयआरक्यू त्यांना शक्य तितके दूर ठेवते, पण आयसोलेटेड कोअरवरून डिस्कला विनंती गेली तर उत्तराचा इंटरप्ट तिथेच येऊ शकतो. म्हणून लॉग लिहिण्याचे काम ० किंवा १ वरच्या वेगळ्या थ्रेडला द्या.

केसॉफ्टआयआरक्यूडी जागा होतो तो प्रामुख्याने टायमर, नेटवर्क आणि आरसीयूमुळे. कोणत्या ओळीचा आकडा वाढतो ते प्रॉकमधल्या सॉफ्टआयआरक्यूजमध्ये दिसते. बूटच्या वेळी त्या कोअरवर अडकून राहिलेले टायमर काढायचे असतील तर २ ते ७ हे सगळे कोअर एकदम ऑफलाइन करा आणि मगच एकेक ऑनलाइन आणा. एक ऑफलाइन-ऑनलाइन करून दुसऱ्याकडे वळलात तर त्याचे टायमर नुकत्याच साफ केलेल्या कोअरवर येऊन बसू शकतात. त्याच कारणाने यानंतर कोणताही कोअर ऑफलाइन करू नका.

केवर्करसाठी सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग फाइलींच्या फोल्डरमधल्या) वर्कक्यूच्या (केवर्करच्या कामांच्या रांगेच्या) सीपीयूमास्कमध्ये ३ लिहा, आणि राइटबॅक (डिस्कवर मागाहून लिहिण्याच्या) वर्कक्यूच्या स्वतंत्र मास्कमध्येही. याने न बांधलेली कामेच हलतात. कोअरला बांधलेल्या कामांसाठी वर्कक्यू-एक्झिक्यूट-स्टार्ट हा ट्रेस इव्हेंट (कर्नलमधल्या घटनेची नोंद) चालू करून फंक्शनचे नाव बघा. नाव कळल्याशिवाय सेटिंग बदलत बसू नका. व्हीएमस्टॅट-अपडेट (मेमरीची आकडेवारी ताजी करणारे) दिसले तर व्हीएमचा स्टॅट-इंटरव्हल १ सेकंदावरून १२० करा. नुमा-बॅलन्सिंग (मेमरी कोअरच्या जवळ हलवणे) ० करा. ट्रान्सपरंट ह्यूजपेज (मेमरीची मोठी पाने आपोआप देणे) बंद करा किंवा प्रोग्रॅमने मागितले तरच मिळतील असे ठेवा. मशीन चेकचा चेक-इंटरव्हल ० केला की पाच मिनिटांचा तो टायमर थांबतो, पण दुरुस्त झालेल्या मेमरीचुका वेळेवर कळणेही थांबू शकते. जिथे मेमरी बिघडल्याची पूर्वसूचना महत्त्वाची आहे, तिथे हे करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रोग्रॅम बसवताना सगळ्यांत जास्त फसगत टास्कसेटमुळे (प्रोग्रॅम ठराविक कोअरवर बसवणाऱ्या कमांडमुळे) होते. आयसोलसीपीयूजने काढलेल्या कोअरवर लोड बॅलन्सिंग नसते. पूर्ण प्रोग्रॅमला २ ते ७ दिलेत तर त्याचे सगळे थ्रेड एकाच कोअरवर दाटीने बसतात आणि बाकीचे पाच रिकामे राहतात. प्रत्येक थ्रेड स्वतंत्रपणे एकेका कोअरला बांधा. सतत पोलिंग करणाऱ्या (न थांबता काम आले का ते पाहणाऱ्या) थ्रेडला फिफो (रिअल-टाइम) प्रायॉरिटी देऊ नका. कोअरवर स्पर्धकच नसल्याने ती लागत नाही. आरटी थ्रॉटलिंग (रिअल-टाइम कामावरची वेळेची मर्यादा) बंद करून फिफो चालवलीत तर त्या कोअरचा केवर्कर उपाशी राहतो, त्याची वाट पाहणारी कामे दुसऱ्या कोअरवर अडकतात आणि सर्व्हर लटकतो. मेमरी सुरुवातीलाच घेऊन एमलॉकऑलने (मेमरी डिस्कवर जाऊ न देणाऱ्या कॉलने) धरून ठेवा. त्याच प्रोसेसमधल्या हाउसकीपिंग थ्रेडने मेमरी परत केली, तरी टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांची कॅश) साफ करण्याचा इंटरप्ट सगळ्या थ्रेडच्या कोअरवर जातो.

आता प्रोग्रॅम चालू असताना प्रॉकमधल्या इंटरप्ट्सची एलओसी (कोअरच्या स्वतःच्या टायमरची) ओळ दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा. हर्ट्झ २५० (सेकंदाला २५० टिक) असलेल्या कर्नलवर टिक चालू असेल तर फरक २५०० च्या आसपास येतो. थांबला असेल तर मोजकाच. न थांबल्यास टिक-स्टॉप ट्रेस इव्हेंटमधली डिपेन्डन्सी (टिक न थांबण्याचे कारण) वाचा. शेड्यूलर दिसला तर त्या कोअरवर दुसरा कोणीतरी चालायला तयार आहे. क्लॉक अनस्टेबल दिसले तर कर्नलने टीएससीवरचा (प्रोसेसरमधल्या घड्याळावरचा) भरवसा सोडला आहे आणि बूट लॉगमध्ये त्याचे कारण मिळेल.

मग प्रोग्रॅम थांबवून तेच ऑसनॉइज तेवढाच वेळ चालवा आणि जपलेल्या फाइलशी रकाना-रकाना ताडून पाहा. सिसएफएस आणि प्रॉकमधले बदल रीबूटला पुसले जातात, ते एका सिस्टिमडी युनिटमध्ये (बूटला आपोआप चालणाऱ्या सेवेत) घाला. कर्नल अपग्रेड झाला की मोजणी पुन्हा करा.