रतनवाडी: अमृतेश्वराच्या गावी जाताना

भंडारदऱ्याला जाणारे बहुतेक लोक धरणाजवळच्या शेंडी गावात उतरतात, धरणाच्या भिंतीवर छायाचित्रे काढतात आणि गाडीतून तलावाला एक फेरी मारून परततात. त्या फेरीत रतनवाडीच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो. वास्तविक या परिसरात थांबण्यासारखे गाव तेच आहे, त्यामुळे बेत आखताना मुक्काम रतनवाडीत धरावा आणि बाकीची ठिकाणे येता-जाता पाहावीत.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातले हे गाव रतनगडाच्या पायथ्याशी, भंडारदरा जलाशयाच्या शेवटच्या टोकाला वसलेले आहे. मुंबई किंवा नाशिकहून येणाऱ्यांनी महामार्गावर घोटीला वळावे आणि कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव ओलांडून शेंडी गाठावी. पुणेकरांना संगमनेर, अकोले, राजूर हा रस्ता सोयीचा पडतो. रेल्वेने येणाऱ्यांसाठी इगतपुरी हे जवळचे स्थानक आहे. शेंडीपासून पुढचा वीसेक किलोमीटरचा रस्ता तलावाच्या कडेने वळणे घेत जातो. त्या वाटेवर इंधनाची सोय नाही आणि मोबाइलची रेंजही बेभरवशाची असते. म्हणून टाकी घोटीला किंवा राजूरला भरून घ्यावी आणि जवळ रोख पैसे ठेवावेत. पाणी भरपूर असताना शेंडीहून बोटीनेही रतनवाडीला जाता येते; पण वारा आणि पाण्याची पातळी यांवर सारे अवलंबून असल्याने बोटीच्या भरवशावर परतीचे वेळापत्रक बांधू नये.

कोणत्या ऋतूत जावे, हा खरा प्रश्न आहे. जुलै-ऑगस्टमध्ये घाटघर आणि रतनवाडी या भागात जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस कोसळतो. धबधबे पाहायचे असतील तर हाच काळ, मात्र धुक्यामुळे दिवसचे दिवस गड दिसतच नाही. मेअखेर आणि जूनच्या आरंभी हिरडा, बेहडा, जांभूळ यांसारख्या झाडांवर काजवे चमकतात आणि ते पाहायला शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. काजवे पाहायचेच असतील तर मधला वार निवडावा, गाडीचे दिवे आणि बॅटरी बंद ठेवावी आणि झाडाखाली गर्दी करू नये, कारण प्रकाशाने त्यांचे मीलन विस्कटते. माझ्या मते सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ सर्वांत उत्तम. तेव्हा तलाव भरलेला असतो, भातखाचरे पिवळी पडू लागलेली असतात आणि गडाची वाटही चालण्याजोगी होते.

तलाव जुना आणि त्याच्या काठी गाव वसले, असा अनेकांचा समज होतो. क्रम उलटा आहे. प्रवरेवरचे धरण १९१० साली बांधायला घेतले गेले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन डॅम म्हणून ओळखले जाते. गावातले अमृतेश्वराचे मंदिर मात्र सुमारे हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांशी बारा शिवालये उभारली, त्यांतले हे एक, अशी परंपरा सांगते. उन्हाळ्यात पाणी मागे सरकून तळाची जमीन उघडी पडते, तेव्हा धरणापूर्वीच्या दरीची थोडीफार कल्पना येते.

मंदिर सकाळी लवकर पाहावे. आधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घालून शिखराकडे पाहावे: कोपऱ्यांमधल्या उभ्या पट्ट्यांत लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती एकावर एक रचत नेल्या आहेत आणि तिरप्या उन्हात त्यांची प्रत्येक कड वेगळी उठून दिसते. भूमिज शैलीचे हे काम आहे. ज्यांनी अंबरनाथचे शिवमंदिर पाहिले आहे, त्यांना साम्य लगेच जाणवेल. आत डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबल्याशिवाय खांबांवरचे कोरीवकाम उलगडत नाही. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचते आणि पिंडी पाण्याखाली जाते. मंदिराजवळची पुष्करणी अनेकजण वरून डोकावून सोडून देतात. तिच्या भिंतींतल्या देवकोष्ठांत, म्हणजे मूर्तींसाठीच्या कोनाड्यांत, विष्णूच्या मूर्ती आहेत, त्या नीट पाहाव्यात. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा जपून उतरावे. मंदिर संरक्षित स्मारक आहे आणि पूजेतलेही आहे, याचे भान वागण्यात असावे.

रतनगडासाठी स्वतंत्र दिवस राखावा. सुरुवातीची वाट प्रवरेचा ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते, मग दाट रानातून चढते आणि शेवटी लोखंडी शिड्यांनी गणेश दरवाजापाशी पोचते. जंगलात एक फाटा कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या दिशेने फुटतो, तिथे चुकामूक होते. नवख्यांनी गावातलाच वाटाड्या घ्यावा. माथ्यावरचे नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले भगदाड, गाठल्यावर तिथून कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंग हे गड समोर दिसतात. हा सारा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, त्यामुळे वनखात्याचे प्रवेशशुल्क भरावे लागते आणि शेकोटी, मद्य, मोठ्या आवाजातले संगीत यांना तिथे जागा नाही.

जेवण आणि मुक्काम गावातल्या घरांतून होतो. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची आहे. किती माणसे येणार हे आदल्या दिवशी कळवावे, कारण आयत्या वेळी स्वयंपाक करायला तिथे हॉटेल नाही. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठले, खुरासणीची चटणी आणि भात एवढे मिळाले की ताट भरले. पनीरची मागणी करू नये.

परतताना आल्या वाटेने न जाता साम्रद, घाटघरमार्गे तलावाची उरलेली फेरी पूर्ण करावी. साम्रदची सांदण दरी आणि घाटघरचा कोकणकडा एकाच दिवसात उरकण्याचा मोह होतो; वेळ कमी असेल तर कोकणकडा पाहावा, कारण सांदण दरीत मोठमोठ्या शिळांवरून उतरायला निवांत अर्धा दिवस लागतो आणि पावसाळ्यात तर तिथे पाऊलही ठेवू नये.