सांडपाण्याचे पिण्याचे पाणी: प्रकल्प मांडण्याआधी काय ठरवून घ्यावे

तंत्रज्ञान हा यातला सर्वांत अवघड भाग नाही. नामिबियातल्या विंडहोकमध्ये १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या पुरवठ्यात मिसळतात. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत २००८ पासून असे पाणी मोठ्या प्रमाणावर जमिनीत मुरवले जाते आणि पुढे विहिरींतून उपसले जाते. उलट ऑस्ट्रेलियातल्या टुवुम्बात धरणे आटत असतानाही २९ जुलै २००६ च्या मतदानात सुमारे ६२ टक्के लोकांनी प्रकल्प फेटाळला. पालिकेचे अभियंते, नगरसेवक आणि प्रस्ताव तपासू पाहणारे नागरिक या सगळ्यांना उपयोगी पडेल असा हा क्रम आहे.

आधी ड्रेनेज बघा

आरओ मेम्ब्रेन (दाबाने पाणी गाळणारा अतिबारीक पडदा) क्षार आणि जंतू अडवते, पण अॅसिटोन, एनडीएमए, १,४-डायऑक्सेन असे लहान, विद्युतभार नसलेले रेणू तिच्यातून बऱ्याच प्रमाणात निसटतात. म्हणून पहिले काम एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) वरच्या बाजूला. ड्रेनेजला जोडलेल्या प्रत्येक कारखान्याची, इस्पितळाची, प्रयोगशाळेची यादी करा आणि कोण कोणते रसायन किती वापरतो ते नोंदवा. नियम मोडणाऱ्याची जोडणी तोडायचा अधिकार उपविधीतच लिहून घ्या. रात्री चेंबरमध्ये रिकामे होणारे टँकर कागदावरच्या यादीत कधीच सापडत नाहीत, त्यामुळे एसटीपीच्या तोंडाशी पीएच, कंडक्टिव्हिटी (क्षारांमुळे पाण्यातून वीज किती वाहते ते) आणि सेंद्रिय कार्बन यांचे चोवीस तास मोजमाप हवे. विंडहोकने कारखान्यांचे सांडपाणी वेगळ्या वाहिनीने वळवले आहे. औद्योगिक वसाहतीचे पाणी येत असेल तो एसटीपी या कामासाठी निवडूच नका.

परवाना देणारा आणि प्लांट चालवणारा एक नको

आपल्याकडे इथेच घोडे अडेल, कारण परवाना देणाऱ्याने कशावर बोट ठेवायचे तेच पुरेसे लिहिलेले नाही. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ नळाच्या पाण्यात काय किती चालेल ते सांगते, पण सुरुवात सांडपाण्यापासून झाली तर कोणत्या टप्प्याने किती जंतू काढलेच पाहिजेत ते सांगत नाही. शिवाय कोलिफॉर्मचा (विष्ठेची लागण दाखवणाऱ्या जिवाणूंचा) निकाल हाती येईपर्यंत ते पाणी लोकांनी पिऊनही झालेले असते. तेव्हा नुसती शेवटच्या नमुन्याची अट पुरत नाही, प्रत्येक टप्प्याची अट हवी.

कॅलिफोर्नियाचा हिशेब समोर ठेवण्यासारखा आहे. १ लॉग म्हणजे ९० टक्के घट, २ लॉग म्हणजे ९९ टक्के. जमिनीत मुरवायच्या पाण्यासाठी विषाणूंची घट १२ लॉग (एक लाख कोटींतला एक उरला तर चालेल), जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम (पोट बिघडवणारे दोन परजीवी) यांची प्रत्येकी १०. कोणत्याही एका टप्प्याच्या नावावर ६ लॉगपेक्षा जास्त घट धरली जात नाही. निदान तीन टप्पे हवेत आणि त्या प्रत्येकाचे किमान १ लॉग भरले पाहिजे. जमिनीचा आडोसा न घेता थेट पुरवठ्यात द्यायचे तर आकडे त्याच क्रमाने २०, १४ आणि १५ होतात.

आता एक बेरीज करून बघू. मायक्रोफिल्ट्रेशन (पोकळ तंतूंच्या बारीक गाळण्या): विषाणू ०, क्रिप्टोस्पोरिडियम (पुढे क्रिप्टो) ४. आरओ: दोन्हींना १.५. पेरॉक्साइडसह यूव्ही (अतिनील किरण): दोन्हींना ६. जमिनीखाली चार महिने: विषाणू ४, क्रिप्टो ०. क्रिप्टोचे ११.५ भरतात, प्रश्न मिटला. विषाणूंचेही ११.५ च भरतात आणि अर्धा लॉग कमी पडतो. आरओ प्रत्यक्षात विषाणू याहून कितीतरी जास्त अडवते, पण चालू प्लांटवर कंडक्टिव्हिटी मोजून जेवढे सिद्ध होते तेवढेच पदरात पडते. मग एक तर आरओवर जास्त संवेदनशील मोजमाप बसवा, नाही तर पाणी जमिनीखाली आणखी काही काळ ठेवा, आणि तो काळही ट्रेसर (पाण्याचा माग दाखवणारा पदार्थ) सोडून सिद्ध करा. सल्लागाराच्या अहवालात ही बेरीज नसेल तर अहवाल परत पाठवा.

कुठे बिघडते

मायक्रोफिल्ट्रेशनची प्रेशर डिके टेस्ट रोज करा: हवा भरायची आणि दाब किती वेगाने उतरतो ते पाहायचे. झपाट्याने उतरला तर एखादा तंतू तुटलेला असतो. तो शोधून पिन ठोकून बंद करतात.

आरओमध्ये प्रत्येक व्हेसलच्या (मेम्ब्रेन बसवलेल्या नळकांड्याच्या) पाण्याची कंडक्टिव्हिटी वेगळी मोजा. एकाच व्हेसलमध्ये ती वाढली तर आत बारीक नळी सरकवत जागोजागी मोजा. जोडाजवळ एकदम उडी दिसली तर बहुतेक वेळा ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) चिमटलेली किंवा बसवायचीच राहिलेली असते. सगळीकडे हळूहळू वाढत असेल तर मेम्ब्रेनच झिजली आहे, आणि मोकळ्या क्लोरिनने ती फार लवकर खराब होते.

पेरॉक्साइडच्या डोसिंग पंपात वायू साठून पंप रिकामा फिरतो, स्क्रीनवर मात्र तो 'चालू' दिसतो. म्हणून अलार्म पंपाच्या स्थितीवर लावू नका, प्रवाहमापकावर लावा.

सगळ्यात मोठा धोका यंत्राचा नाही. वारंवार वाजणाऱ्या अलार्मला कंटाळून कोणीतरी त्याची मर्यादा सैल करतो. मर्यादा बदलायला दोघांची सही आणि नियामकाला त्याच दिवशी सूचना, असा नियम करा. मर्यादा ओलांडली की पाणी आपोआप दुसरीकडे वळवणारा व्हॉल्व्ह बसवा, कोणाच्या फोनची वाट नको. दर महिन्याला तो खरोखर फिरवून बघा.

आरओचे पाणी तसेच सोडले तर ते पाइप खाते, त्यामुळे चुना देऊन स्थिर करावे लागते. दुसरी अडचण उरलेल्या खाऱ्या पाण्याची. येणाऱ्या पाण्यापैकी साधारण १५ टक्के असे उरते. मुंबईला समुद्र आहे, पुण्याला नाही. समुद्रापासून दूर असलेल्या विंडहोकने आरओ न वापरता ओझोन आणि कार्बनच्या वाटेने प्लांट उभारला, पण त्या वाटेने क्षार निघत नाहीत, म्हणून दुसरे पाणी मिसळावेच लागते.

लोकांकडे केव्हा जायचे

निविदेच्या आधी. ऑस्ट्रेलियातल्या पर्थने २०१० ते २०१२ चाचणी प्लांट चालवला, लोकांना आत नेऊन दाखवला आणि मोठा प्रकल्प नंतर हाती घेतला. सिंगापूरने तज्ज्ञ समितीकडून तपासणी करून घेतली आणि २००२ च्या राष्ट्रीय दिनी बाटल्या वाटल्या. तिथेही या पाण्याचा मोठा भाग उद्योगांना जातो, जलाशयात थोडाच. आपल्याकडे नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते. अशा ठिकाणच्या रोजच्या नोंदी हा हाताशी असलेला पुरावा आहे, पण पिण्याच्या दर्जाचा नव्हे. ती गफलत सभेत करू नका.

सभेत पहिला प्रश्न बहुधा हा येतो: "हे पाणी कोणाच्या वॉर्डात?" कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचा पहिला प्रकल्प १९९० च्या दशकात 'टॉयलेट टू टॅप' (संडासातून थेट नळात) या शिक्क्याबरोबरच, हे पाणी गरीब वस्त्यांच्याच माथी मारणार, या संशयानेही बुडाला. वितरणाचा नकाशा भिंतीवर लावा आणि आयुक्तांचा बंगला, महापौरांचे घर कोणत्या टाकीवर आहे ते त्यात दाखवा. डॉक्टरांना आधी भेटा, कारण लोक त्यांनाच विचारणार. रोजचे आकडे वाईट असले तरी त्याच दिवशी वेबसाइटवर आणि वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर टाका.

बिघाडाच्या सूचनेचा मसुदा पाणी सुरू होण्याआधी मंजूर करून ठेवा: कोणता टप्पा, किती वाजता, पाणी कुठे वळवले, किती लॉग कमी पडले, तोवर पाणी कुठून मिळेल, पुढची माहिती किती वाजता. टँकरचे कंत्राटही त्याच बैठकीत करा.